राक्षसाचं वजन

"आग ओकणाऱ्या ड्रॅगनची राख कुठे जाते?"

चेन्नईत राहायला आल्यावर शेजाऱ्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तेव्हा खांद्यावर पाण्याचा कॅन घेऊन धापा टाकत जिना चढत होतो. नाव नाही, गाव नाही, एकदम राख! मी म्हणालो, "काका, मला खरंच माहीत नाही." गृहस्थ समाधानाने म्हणाले, "लिहिणाऱ्यासही नाही. तीच तर पीडा!"

हे सेतुमाधवराव. टी. नगरच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या इमारतीत सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. घराणं तंजावरचं मराठी, त्यामुळे शब्द बखरीतले आणि हेल तमिळ. नोकरीभर त्यांनी एन्नोरच्या वीजकेंद्रात बॉयलर सांभाळले. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात. मामा वाचनालयात गेले आणि परग्रहवासी, जादूगार, राक्षस असं सगळं गणगोत पिशवीत घालून घरी आणू लागले. वाचायला नव्हे, तपासायला.

या तपासणीतून आजवर कोणी सुटलेलं नाही. अदृश्य माणूस? "प्रकाश त्याच्या डोळ्यांतून आरपार जाणार. म्हणिजे तो ठार आंधळा. पनगल पार्कच्या सिग्नलला पहिल्याच बसखाली जाईल. आणि सकाळी खाल्लेली इडली? ती सर्वांस दिसेल!" कालयंत्रात बसून कालच्या दिवसात जाणाऱ्याला तर त्यांनी थेट अंतराळात सोडून दिलं, कारण आज आपण जिथे आहोत तिथे काल पृथ्वी पोचलीच नव्हती. मी मोटारीच्या कारखान्यात ब्रेकच्या विभागात आहे हे कळल्यावर उडत्या गालिच्याचे ब्रेक माझ्या गळ्यात पडले. माझे दोन रविवार त्यात गेले. गालिचा अजून थांबत नाही.

या सगळ्याचा हक्काचा श्रोता एकच, त्यांची बायको कमलामामी. मामी मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. मागच्या वर्षी त्यांना झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, बोलणं मात्र गेलं. डॉक्टर म्हणाले, येईल, प्रयत्न करत राहा. तेव्हापासून रोज चार वाजता कॉफी झाली की मामा त्यांना व्हरांड्यात खुर्चीवर बसवतात, समोर त्यांच्याच शिकवणीचा जुना फळा मांडतात आणि राक्षसांची हाडं मोजायला घेतात. मला मामींची फार दया यायची. बिचारीला "पुरे" असंसुद्धा म्हणता येत नाही, आणि या माणसाला दोन गोड शब्द बोलायचे सोडून ड्रॅगनची पडली आहे!

त्यातून अलीकडे मामांची गणितंही चुकू लागली होती. वय झालं, असं मी मनाशी म्हणायचो.

त्या रविवारी मी गेलो तेव्हा फळ्यावर राक्षस उभा होता. "साध्या माणसाच्या दहा पट उंच," मामा सांगत होते. "रुंदी, जाडी त्याच मापात. तर वजन किती? शंभर पट!" त्यांनी शंभर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि मामींकडे बघत उभे राहिले.

"मामा, हजार," मी म्हणालो. "उंची दहा पट, रुंदी दहा पट, जाडी दहा पट. हजार पट होणार." एवढ्यावर न थांबता मी उठून शंभरावर एक शून्य वाढवलं. मामांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि मला स्वयंपाकघरात नेलं.

"हजार मज ठाऊक नाही काय?" कॉफीची पितळी वाटी, तो डबरा, ओट्यावर आपटत ते म्हणाले. इतकं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मग शंभर का लिहिलंत?"

"ती मास्तरीण आहे हो. चूक दिसली की तिला राहवत नसे. लग्न जाहलं, एग्मोर स्टेशनाहून गाडीत बसलों. मी ऐटीत सांगितलं, गाडी अमक्या वेळी पोचेल. ती मजशी पहिला शब्द काय बोलिली? 'तप्पु!'" तप्पु म्हणजे तमिळमध्ये चूक. "चाळीस वर्षं ऐकला तो शब्द. कधी कधी राग येई. आतां वर्ष जाहलं, या घरात मज कोणी चूक म्हणत नाही. रोज नवीन चूक करितों. आज तिचा ओठ हालला होता. तुम्ही मध्येच उत्तर दिलंत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवडाभर कारखान्यात माझं लक्ष लागलं नाही.

पुढच्या रविवारी मी आपणहून खडू घेतला. "मामी, आज राक्षस माझा. सगळ्या मापांनी माणसाच्या दुप्पट. म्हणजे वजनही दुप्पट!" फळ्यावर भला मोठा दोन काढला आणि इंजिनिअरला शोभेल अशा आत्मविश्वासाने तो पटवत बसलो. मामा शेजारी ओठ घट्ट मिटून बसले होते. मामींची बोटं खुर्चीच्या हातावर आपटू लागली. भुवया जवळ आल्या. ओठ वाकडा झाला, पुन्हा सरळ झाला.

"त... तप्पु."

मामा ताडकन उठले. "बरोबर! बरोबर बोललीस, कमला! दोन गुणिले दोन गुणिले दोन!" त्यांनी खडू हिसकावून घेतला आणि घाईघाईने फळ्यावर उत्तर लिहिलं: सहा.

मामींनी फळ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. या खेपेला शब्द न अडखळता आला.

"तप्पु."

मामा फळा पुसायचं फडकं डोळ्यांना लावून उभे होते. ही चूक त्यांनी मुद्दाम केलेली नव्हती.