ड्रॅगनचं पोट

आवाज देणारा नट शिनपेई तोकुमारू याला एका व्हिडिओ गेममध्ये एकच वाक्य होतं. गावाच्या वेशीवर पहारेकरी म्हणून उभं राहून "उत्तरेकडे जाऊ नका हो!" एवढं ओरडायचं. पण ते त्याने असं काकुळतीला येऊन म्हटलं होतं, की खेळणारे उत्तरेकडे जायचं सोडून पुन्हा पुन्हा त्या पहारेकऱ्याशीच बोलायला यायचे. म्हणून गेमवरून अ‍ॅनिमे कार्टून मालिका काढायचं ठरलं तेव्हा पहारेकऱ्याला राजकन्येसोबत थेट ड्रॅगनच्या तळ्यापर्यंत धाडण्यात आलं, आणि सव्वीस वर्षांच्या शिनपेईच्या वाट्याला आयुष्यात पहिल्यांदा बावीस वाक्यं आली.

रेकॉर्डिंगच्या दिवशी तो घाबरून दीड तास आधीच पोचला. स्टुडिओमागच्या बागेत बसून त्याने घरून आणलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, पुडीतून सोडली, पहिला घास घेण्याआधी एकदा संवाद म्हणून पाहावेत म्हणून डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा ओनिगिरी समोरच्या झाडावर कावळ्याच्या ताब्यात होती. दुसरं काही घेऊन यायला वेळ होता, पण तो संवादच घोकत बसला.

गेमच्या वेळी प्रत्येकाने काचेच्या खोलीत एकेकट्याने आवाज दिला होता. आता सगळे एकाच खोलीत, चार माइकपुढे. त्यात ड्रॅगनचा आवाज द्यायला किनुए उत्सुमीबाई. वय अडुसष्ट. कोणाचं जाकीट सळसळलं तरी बाई मान वळवून नुसतं बघायच्या, आणि पुढच्या वेळी तो माणूस सुती बनियनवर यायचा.

प्रसंग तळ्याकाठचा. ड्रॅगन तीनशे वर्षं झोपलेला. राजकन्येचं काम करणारी मुलगी माइकजवळ येऊन कुजबुजली, "जागा आहेस का रे?" पुढे संहितेत लिहिलं होतं : नऊ सेकंद शांतता.

चौथ्या सेकंदाला शिनपेईचं पोट बोललं. साधंसुधं नाही. आधी खोल घरघर, मग चढत जाणारी गुरगुर, आणि शेवटी एक लांब, दुःखी सुस्कारा.

"थांबा!" काचेपलीकडून दिग्दर्शक नागाहोरींचा आवाज आला. "कोणाचं पोट?"

शिनपेईच्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

"माझं," उत्सुमीबाई म्हणाल्या. "वय झालं. चालायचंच."

काचेपलीकडे तिघे उठून वाकले. बाईंना 'कोणाचं पोट' असं विचारल्याबद्दल नागाहोरींनी दोनदा माफी मागितली आणि दहा मिनिटं सुट्टी दिली.

बाहेर बाईंनी शिनपेईला कोपऱ्यात घेतलं आणि पिशवीतून भाजलेलं रताळं काढून त्याच्या हातावर ठेवलं. "खा."

"बाई, ते माझं..."

"मला काय कान नाहीत? तू शेजारीच उभा होतास. बोलू नकोस, खा."

रताळं मोठं होतं. त्याने सालासकट संपवलं.

आत गेले तर नागाहोरी खोलीच्या मध्यभागी उभे, डोळे चमकत होते. "उत्सुमीबाई, तो आवाज आम्ही परत ऐकला. दोन महिने आम्ही ड्रॅगनला जाग येतानाचा आवाज शोधतोय. वाघ झाले, ट्रक झाले, उकळती किटली झाली. हे म्हणजे तेच! फक्त पुन्हा एकदा द्याल? जरा लांब. आणि सुरुवातीला थोडा राग."

बाईंनी हळूच शिनपेईकडे पाहिलं. शिनपेईने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. रताळ्याने भरलेलं ते पोट तृप्त होऊन बसलं होतं.

"मूड लागतो," बाई म्हणाल्या.

"हो, हो, अगदी सावकाश!"

दिवे मंद केले. बाई डोळे मिटून उभ्या राहिल्या. शिनपेईने मागच्या मागे गार पाणी प्यायलं, श्वास कोंडला, कोणाचं लक्ष नाही असं बघून दोन उड्याही मारल्या. काही नाही. बाईंना धीर यावा म्हणून राजकन्येनेही पोट आत ओढून पाहिलं. तिला उचकी लागली. तीन प्रयत्न झाले. दर वेळी नागाहोरी हात जोडून म्हणायचे, "काही घाई नाही बाई," आणि दर वेळी बाईंची मान थोडी आणखी खाली जायची.

ते काही शिनपेईला बघवेना. तो खोलीच्या मध्यभागी आला आणि कमरेतून पार वाकला.

"नागाहोरीसाहेब, ते पोट माझं होतं! बाईंनी मला वाचवायला स्वतःवर घेतलं. चूक माझी आहे!"

मग नागाहोरींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तोकुमारू, मोठ्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तू हे बोललास. आजकाल अशी मुलं कुठे असतात! पण बाळा, त्या आवाजात काय वजन होतं! त्याला चाळीस वर्षं रंगमंचावर घालवावी लागतात. तुझ्या वयात ते येत नाही."

"अहो पण खरंच..."

"राहू दे रे," बाई शांतपणे म्हणाल्या. "शिकशील हळूहळू."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी पहिलाच आवाज ठेवायचं ठरलं, आणि तो इतका आवडला की पुढच्या आठही भागांत ड्रॅगनला दर वेळी नव्या आवाजात जाग आणायचा हुकूम लेखकाला तिथूनच फोनवर गेला.

संध्याकाळी लिफ्टमध्ये दोघंच होते. बाई समोरच्या दाराकडे बघत होत्या.

"तोकुमारू."

"हो बाई?"

"पुढच्या गुरुवारी रेकॉर्डिंगला उपाशी ये. मला काम आहे."