उलट्या आट्याची वाटी

बायकोच्या सायकलचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन्ही पायडलांच्या मधोमध असतो तो गोल भाग, सकाळपासून नवऱ्याच्या हट्टाला पुरून उरला होता.

तक्रार एवढीच की पायडल मारताना कटकट वाजायचं. बायको म्हणाली होती, वाजू दे, चालतेय ना. पण वाजू देणं नवऱ्याला जमत नाही. तो विमा कंपनीत क्लेमचे कागद तपासायचा, तरी बिल्डिंगमध्ये त्याला सगळे इंजिनिअर म्हणायचे. पंखा, इस्त्री, सायकल, दिसेल ते तो उघडायचा. उघडलेलं संध्याकाळी चालायचं नाही आणि सकाळी व्यवस्थित चालायचं. "माझी दुरुस्ती रात्रभर मुरावी लागते," असं तो चारचौघांत सांगायचा. तेव्हा बायको दुसरीकडे कुठेतरी बघत असायची.

या वेळी मात्र धोका होता. ती पोहायला शिकवायची. पहाटेची पहिली बॅच तिची, तलावाची किल्ली तिच्याकडे, आणि त्या वेळेला रस्त्यावर दुसरं काही वाहन मिळत नाही. आधी एकदा उशीर झाला तेव्हा तलावाच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा झाला तर बॅच दुसऱ्याला. उद्यापर्यंत सायकल चालती करायलाच हवी होती.

आणि इथे त्या गोल भागाची उजवीकडची वाटी, म्हणजे आट्यांवर बसलेलं झाकण, निघायला तयार नव्हती. तिच्या कडेला बारीक खाचा होत्या, घरातला कुठलाच पाना त्यात बसेना. मग त्यानं नळाचा मोठा पाना लावला, पान्याला पाईप जोडला आणि पाईपवर उभा राहिला. वाटी जराशी फिरली. त्याला फार बरं वाटलं. त्यानंतर ती जी बसली ती बसलीच.

खास पाना घेऊन येतो, असं सांगून तो निघाला. "किती वेळ लागेल तुला?" बायकोनं विचारलं. केवढी काळजी आहे हिला आपली, असं वाटून त्याचा ऊर भरून आला.

पहिल्या हार्डवेअरवाल्यानं मोबाईलमधला वाटीचा फोटो बघून विचारलं, हे पाण्याच्या टाकीचं झाकण आहे का. दुसऱ्यानं त्याला प्लंबरचा नंबर दिला. गॅरेजवाल्यानं छिन्नी-हातोडा पुढे केला आणि वर म्हणाला, याच्यापुढे काय टिकतंय. चकचकीत शोरूममधल्या पोरीनं सरळ नवी सायकल दाखवली. ऊन मानेवर आलं तेव्हा पुलाखाली एक सायकलचं दुकान सापडलं. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून चेन धूत होता. त्यानं फोटो मोठा करून पाहिला.

"कुठल्या बाजूला फिरवलीत?"

"नेहमी फिरवतो तशीच. डावीकडे."

"उजव्या वाटीला आटे उलटे असतात, साहेब. तुम्ही ती सोडवली नाहीत, आवळलीत. जोर फार लावला का?"

"पाईप लावला," नवरा हळूच म्हणाला. उभा राहिलो होतो हे त्यानं सांगितलं नाही.

पाना मिळेल का म्हणून विचारलं तर दुकानदारानं मान हलवली. या मापाचा त्याच्याकडे एकच होता, तो एक बाई घेऊन गेल्या. पोहायला शिकवतात. काम शिकायला कितीतरी दुपारी येऊन बसायच्या.

"कशाला?" नवऱ्यानं विचारलं.

"त्यांचे मिस्टर दुरुस्त्या करतात म्हणे. मग मिस्टर झोपले की ह्या उठून ते सगळं पुन्हा दुरुस्त करतात. त्यांना अजून कळू दिलेलं नाही. हळवा आहे बिचारा, म्हणतात." दुकानदार हसला. "तुम्ही ओळखता का त्यांना?"

"चेहऱ्यानं," नवरा म्हणाला.

परतीच्या वाटेवर त्याला एकेक गोष्ट आठवत गेली. पंखा आठवला. इस्त्री आठवली. इस्त्रीबद्दल तर त्यानं ऑफिसात भाषण दिलं होतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आता घरी जाऊच नये असं वाटलं, पण ती वाटी तिला एकटीला सुटणार नव्हती, आणि मग उद्या ती चालत जाणार होती.

जिन्याखालच्या मोकळ्या जागेत सायकल उलटी ठेवलेली होती. खाली त्याचाच जुना टीशर्ट अंथरलेला. बायको तो खाचांचा पाना दोन्ही हातांनी दाबत होती, आणि दाबलं की अख्खी सायकलच फिरत होती. "काय करून ठेवलंय या माणसानं," ती पुटपुटली, आणि वर पाहते तर तोच माणूस समोर. तिनं पाना पाठीमागे लपवला. चेहरा असा झाला, जणू गुन्हा तिनंच केलाय.

"अरे, मी आपलं सहज..." ती म्हणाली.

तो खाली बसला आणि सायकलची फ्रेम घट्ट धरली. "मी उभा राहिलो होतो पाईपवर," तो फ्रेमकडे बघत म्हणाला.

"वाटलंच मला. धर नीट."

तिनं पान्यावर सगळं वजन टाकलं. कड्ड करून वाटी सुटली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका खाली उतरले.

"काय इंजिनिअर, झालं का काम?"

आता खरं सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

"झालंच की काका," बायको त्याच्या आधी म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत काळे, त्याचे स्वच्छ. "यानंच केलं. मी आपली नुसती धरायला."

"वा. मग उद्या आमचं वॉशिंग मशीन बघायला पाठव याला."

"पाठवते ना," ती म्हणाली. "मीपण येईन सोबत. धरायला."

नवऱ्यानं मान खाली घातली आणि सायकल आणखी घट्ट धरली.