कुणालाही उघडता न येणारी पेटी

दिंडोशीच्या त्या सोसायटीला तक्रारपेटी हवी होती. सेक्रेटरी श्यामसुंदर म्हणाले, "एक डबा, त्याला एक फट. तोंडी सांगून टाकू."

"तोंडी?" कमिटीतली इरावती दचकलीच. अंधेरीच्या एका कंपनीत ती यंत्रांची स्पेसिफिकेशन्स लिहायची. "काका, तोंडी कामाची वाट लागते. मी व्यवस्थित लिहून देते."

तिने दोन पानं लिहिली. पत्रा किती जाड, फट किती रुंद, सगळं मिलिमीटरमध्ये. शेवटी ठळक अक्षरांत, 'पेटी कोणालाही उघडता येऊ नये.' खारदांड्याच्या व्हर्नन वेल्डरने कागद दोनदा वाचला आणि आठवड्याभरात पेटी जिन्याखाली बसवून गेला.

रविवारी कमिटी जमली. श्यामसुंदरांनी किल्ली मागितली. किल्ली नव्हती. कुलूपही नव्हतं. नीट पाहिलं तर पेटीला दारच नव्हतं.

इरावतीने फोन लावला. "अहो व्हर्नन, ही उघडायची कुठून?"

"कोणालाच उघडता येऊ नये असं लिहिलंय ना मॅडम? चारी बाजूंनी वेल्डिंग मारलंय. एकदम झकास!"

"कोणालाही म्हणजे कमिटी सोडून!"

"ते कुठे लिहिलंय?"

तिने कागद काढून पाहिला. खरंच नव्हतं लिहिलेलं.

आत काय असेल, याचीच आता सगळ्यांना उत्सुकता. दुसऱ्या मजल्यावरच्या शुभाकाकूंनी फटीला टॉर्च लावला. "चिठ्ठ्या आहेत गं! चार तरी असतील." त्यांनी विणायची सुई आत घातली. सुई निसटून आत पडली. सुई काढायला श्यामसुंदरांनी घरून चिमटा आणला. तोही गेला. आत गेलेली वस्तू बाहेर येणार नाही, एवढं मात्र पेटीने चोख पाळलं.

शेवटी व्हर्ननलाच ग्राइंडर घेऊन बोलावलं. ठिणग्या उडाल्या, पत्रा वाकला. सुई, चिमटा आणि चार चिठ्ठ्या बाहेर आल्या. दोन गळक्या नळाबद्दल, एक कबुतरांबद्दल. चौथीवर पेटी बसवली त्या दिवसाची तारीख होती.

'मॅडम, चिठ्ठ्या काढायच्या कुठून ते लिहिलेलं नाही. कळवा. व्हर्नन.'

"अहो, फोन करून विचारायचं ना!" इरावती म्हणाली.

"पेटीवर तुम्हीच रंगवून घेतलंत मॅडम, 'तक्रार फक्त लेखी'. म्हटलं, नियम तो नियम."

इरावती पायरीवर बसली आणि तिने कोरा कागद मांडीवर घेतला. पण पेन टेकवण्याआधी तिने विचारलं, "व्हर्नन, आता तुम्हीच सांगा. काय लिहू?"