महाराजांच्या हिरवळीखालचं बी

एका जंगलात, बाळांनो, एक सिंह होता आणि त्याच्या गुहेसमोर हिरवळ होती. जंगलात हिरवळ कशाला, असं विचारू नका. तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं.

हिरवळ बघायची, खायची नाही. हरणं तिथून जाताना मान दुसरीकडे वळवून जायची.

हिरवळ राखायला तानूबाई नावाची सशीण होती. कामाबद्दल तिला कडेचं एक बीळ मिळालं होतं. कोरडं आणि दोन दारांचं. एका दारात लांडगा आला की दुसऱ्या दारानं पिल्लं बाहेर काढता यायची. तिच्या आधीच्या बिळाला एकच दार होतं. तिथं सहा पिल्लांतली दोन मोठी झाली. इथं दरसाली चार व्हायची, आणि चारच्या चार मोठी व्हायची.

महाराजांची अट एकच. हिरवळीत तण दिसलं, की बीळ खाली.

पहिल्या साली तण मोजता येईना. घोळ, टाकळा, आघाडा, काटेमाठ, सगळी मंडळी हजर. पण सिंह उशिरा उठतो, हे तिच्या पथ्यावर पडलं. तो जांभई द्यायच्या आत ती सगळं उपटायची, फुलावर येऊच द्यायची नाही. उपटलेलं पिल्लांना घालायची. माती मात्र कधी उकरायची नाही.

हे तिला तळ्यावरच्या कासवआजोबांनी शिकवलेलं.

"तानू, तणाचं बी मातीत झोपून असतं. उजेड दिसला की उठतं. वर गवत दाट ठेव, त्याला उजेडच दाखवू नकोस."

"किती दिवस झोपतं हो, आजोबा?"

"काही दोन वर्षांत मरतं, काही दहा. घोळीचं चाळीस वर्षं पडलेलं मी बघितलंय. पुढचं विचारू नकोस, मग मलाच झोप लागली."

सातव्या साली अख्ख्या हिरवळीत तीन रोपं आली. तानूबाई आता दिवसभर बिळाच्या तोंडाशी बसलेली दिसायची.

तेवढ्यात निरोप आला. पलीकडच्या जंगलातला वाघ महिन्याभरानं पाहुणा येणार. प्रधान कोल्हा म्हणाला, "महाराज, हिरवळ तणमुक्त आहे अशी पाटी लावू. पण पाटीआधी तपासणी हवी. वर दिसत नाही म्हणजे खाली नाही, असं थोडंच असतं?"

तपासणीला रानडुकराला बोलावलं. उकरण्यात त्याच्या नाकाला तोड नव्हती.

तानूबाई आडवी पडली. "महाराज, पाया पडते, उकरू नका. खाली बी आहे."

"आहे?" कोल्ह्यानं कान टवकारले. "सात वर्षं लपवून ठेवलंस होय?"

"लपवलं नाही, प्रधानजी. झोपवलं."

"आणि आहे तरी कधीचं?"

"थोरल्या महाराजांच्या वेळचंसुद्धा असेल."

हे ऐकून सिंह फार दुखावला. "माझ्या राज्यात माझ्या आधीपासून कुणी राहतंय, आणि मलाच ठाऊक नाही? उकरा!"

दुपारपर्यंत खालची माती वर आली. बी खसखशीएवढं आणि डोळे डुकराचे. त्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि सांगितलं, "काही नाही."

गवत दाबून परत बसवलं, पाणी शिंपडलं, पाटी रोवली. 'ही हिरवळ तणमुक्त आहे.'

आठ दिवसांत अंकुर दिसू लागले. तानूबाई उपटायला धावली, तर पाटीजवळ पहाऱ्यावरचा दुसरा एक कोल्हा उभा.

"काय उपटतेस गं?"

"तण."

"वाचता येत नाही का? इथं तण नाही."

वाघ आला तेव्हा पाटीखाली घोळ पसरली होती, पाटीमागं टाकळा उभा होता, आणि काटेमाठ पाटीला टेकून विसावला होता. वाघानं पाटी वाचली आणि खोकल्यासारखं केलं.

सिंह लाल झाला. प्रधानानं लगेच चौकशी केली. "तपासणीत तण नव्हतं. तपासणीनंतर आलं. तपासणीनंतर हिरवळ कुणाकडे होती?"

"माझ्याकडे," तानूबाई म्हणाली.

चौकशी संपली. त्या सालची चार पिल्लं घेऊन ती बाहेर पडली.

तिच्या जागी रानडुकराला नेमलं. तो रोज उकरतो. रोज नवं तण येतं. ते उपटायला तो पुन्हा उकरतो. नाकापासून शेपटीपर्यंत चिखलानं माखलेला असतो, कुणाशी बोलायला फुरसत नाही. सिंह येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो, "बघा, याला म्हणतात काम! ती बया तर नुसती बसलेली असायची." वाघानं त्याला मागितलं होतं, पण महाराजांनी दिलं नाही.

दोन दारांचं बीळही त्यालाच मिळालं. त्यात त्याचं नाक तेवढं मावतं.

तानूबाई आता कुंपणापलीकडे राहते. बीळ आहे, एका दाराचं. डुक्कर उपटलेलं तण ढिगानं तिकडे फेकतो, त्यामुळे खायची चंगळ आहे. पिल्लं चांगली गुबगुबीत झालीत. तिन्ही.

तात्पर्य: बाळांनो, हाती घेतलेलं काम कधी संपत आणू नये. रोज थोडं उकरावं आणि चारचौघांना दिसेल असं उकरावं. खाली बी चाळीस वर्षं पुरतं. तेवढ्यात आपला जन्म मानानं निघून जातो.