हत्ती गेला कुठे?

बाईंच्या नणंदेचं ठरलेलं लग्न दुसऱ्यांदा मोडलं, त्या वर्षी बाई बालवर्गावर लागल्या. नोकरी सहा महिन्यांच्या बोलीची. पुढे ठेवायचं की नाही, हे मोठ्या बाई शुक्रवारी वर्गात बसून ठरवणार होत्या. म्हणून सोमवारीच बाईंनी कपाटातलं सगळ्यात जुनं चित्रांचं पुस्तक काढलं. एक म्हातारा हत्ती, पुराच्या वेळी सगळ्या जनावरांना पाठीवर बसवून नदीपार नेणारा. पुस्तक इतकं जुनं, की कण्याला तीन रंगांच्या चिकटपट्ट्या होत्या.

बाईंनी छान आवाज काढून वाचलं. शेवटचं पान आलं. "आणि एके दिवशी हत्ती झाडाखाली आडवा झाला आणि मेला."

मग पुढच्या चटईवरची पाच वर्षांची मुलगी उठली. तिला सगळी शाळा वकीलसाहेब म्हणायची.

"हत्ती मेला नाही. तो बहिणीकडे गेला."

"अगं, इथे लिहिलंय."

"पुस्तकात बघून सांगा, बाई."

"पुस्तकातच बघतेय!"

"मग नीट बघा."

बावीस पोरांनी एका सुरात भोकाड पसरलं.

बाईंचा स्वभाव मुळात संशयी. घरी दुधाचं पातेलंसुद्धा त्या खूण करून ठेवत. कुणीतरी पान फाडलंय, हे त्यांनी तिथेच ओळखलं. मधल्या सुट्टीत पानं मोजली, उजेडात धरली, शिवणीवरून नख फिरवलं. पानं पुरी होती.

दुसऱ्या दिवशी फाटकात वकीलसाहेबांची आई उभी. "कालपासून पोरगी जेवत नाहीये. तुम्ही हत्ती मारलात म्हणे?"

"मी नाही हो, पुस्तकानं मारलाय."

मागून एक आजोबा पुढे सरकले. "आमच्या मुलाच्या वेळी तो बहिणीकडे गेला होता. पुस्तक तेच, कपाट तेच. नवीन काय आलंय, तर तुम्ही."

दुपारी मोठ्या बाईंनी बोलावून हळूच विचारलं, "ते पुस्तक तुम्ही घरी नेलं होतं का?"

आता नोकरी वाचवायची तर खरा गुन्हेगार हवा होता. तो बुधवारी सापडला. मुलं दूध पीत होती आणि शाळेच्या मावशी तेच पुस्तक छातीशी धरून गोष्ट सांगत होत्या. चित्रं मुलांकडे, पुठ्ठा स्वतःकडे. अक्षराकडे एकदाही नजर नाही!

"मावशी, ही सूचना जरा वाचून दाखवता?"

"चष्मा घरी राहिला, बाई."

चष्मा मावशींच्या कपाळावर होता. बाईंनी मनातल्या मनात टाळी वाजवली.

शुक्रवारी मोठ्या बाई पोरांच्या इवल्या खुर्चीवर वही घेऊन बसल्या. बाई गोड हसून म्हणाल्या, "आज मावशी वाचतील. पुस्तक स्वतःकडे धरून."

मावशींनी फडक्याला हात पुसले, चष्मा खाली ओढला आणि शब्दाखाली बोट ठेवत वाचायला लागल्या. एक काना चुकला नाही. बाईंचं हसू हळूहळू उतरत गेलं. शेवटच्या पानावर बोट थांबलं. मावशींनी पुस्तकाकडे पाहिलं, मग चटईकडे.

"आणि एके दिवशी हत्ती... बहिणीकडे गेला."

वकीलसाहेबांनी बाईंकडे वळून पाहिलं. त्या नजरेत निकाल होता. मोठ्या बाईंनी वहीत लिहिलं, 'मावशींकडून वाचून घेण्याची कल्पना उत्तम,' आणि बाईंची नोकरी पक्की झाली.

मुलं घरी गेल्यावर बाईंनी मावशींना कोपऱ्यात गाठलं. "वाचता येतं की तुम्हाला! मग परवा चष्म्याचं नाटक कशाला?"

"वाचायला दिलंत की नोकरी घालवायला, ते कळेना. पंचावन्नाव्या वर्षी शिकले मी, ह्याच पुस्तकावर. त्याआधी पंधरा वर्षं चित्रं बघून सांगायचे. शेवटच्या चित्रात हत्ती डोळे मिटून पडलाय, शेजारी हत्तीण. मला वाटलं, दमून बहिणीकडे आलाय. अक्षरं आली, शेवटच्या पानाला पोचले, आणि कळलं. बसून रडले हो! पंधरा वर्षं पोरं फसवली. आता कुठल्या तोंडानं मारू त्याला?"

त्यानंतर बाईंच्या वर्गात हत्ती कधी मेला नाही. बाईही पुस्तक छातीशी धरायला शिकल्या.

दोन वर्षांनी शाळा उघडली, तेव्हा चटईवर वकीलसाहेबांची धाकटी बहीण होती. संशय घराण्यातच होता.

"बाई, मावशी कुठेयत?"

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. "बहिणीकडे गेल्यात."

पोरीनं डोळे बारीक केले. "पुस्तकात बघून सांगा."

मावशींना बहीण नव्हती. बाईंच्या मुलाला पहिला दात आला त्या वर्षी, शाळा उघडायच्या आदल्या सोमवारी, सकाळी मावशी वारल्या.