माझ्या कार्डावरची अकराशे त्रेचाळीस पुस्तकं

आमच्या ग्रंथालयाच्या संगणकाला बोलतं करणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी! सगळे मला 'क्वेरीकाका' म्हणतात ते काय उगाच? सभासदांच्या नोंदींतून काही शोधायचं असलं, की माझ्या टेबलाशी यायचं, दोनदा "काका, काका" करायचं, मग मी चष्मा पुसून संगणकाच्या भाषेत बारा ओळींचा प्रश्न, म्हणजे क्वेरी, खरडणार आणि उत्तर देणार. शक्यतो परवा!

त्यामुळे ग्रंथपालबाईंनी एक नवं यंत्र मागवून "आता साध्या मराठीत प्रश्न विचारा, क्वेरी यंत्रच लिहील" असं जाहीर केलं, तेव्हा मला हसूच फुटलं.

"बाई, आपल्या नोंदी म्हणजे बावीस वर्षांचं जंगल आहे! त्यात माझ्याशिवाय कोणाला वाट सापडायची नाही."

"मग पहिला प्रश्न तुम्हीच विचारा, सभासदांसमोर," बाई म्हणाल्या. "नाही जमलं त्याला, तर देऊ परत पाठवून."

म्हणजे माझं आसन कायम! मी बायकोलाही आणून पहिल्या रांगेत बसवलं. चाळीसेक सभासद जमले. समोर मोठा पडदा. आठवडाभर घासून तयार केलेला प्रश्न मी टाइप केला: "सगळ्यात जास्त पुस्तकं दडपून बसलेला सभासद कोण, आणि किती वर्षांपासून?"

नोंदींचे चार वेगवेगळे तक्ते जोडल्याशिवाय हे उत्तर निघत नाही. मला अर्धा दिवस लागतो! मी ऐटीत हाताची घडी घालायला घेतली. ती पुरी व्हायच्या आत पडद्यावर बारा ओळी उमटल्या. अहो, काय ओळी त्या! इतकी सुबक क्वेरी मी उभ्या जन्मात लिहिली नव्हती. मी तोंडभरून "वा!" म्हणालो आणि मग खालचं उत्तर वाचलं.

माझं नाव. पुस्तकं एक हजार एकशे त्रेचाळीस. बावीस वर्षं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? दरवर्षी पुस्तकांची मोजणी होते आणि पन्नासेक कमी भरतात. आकडा जुळावा म्हणून ती मी 'तात्पुरती' माझ्या कार्डावर चढवत आलो. मुदत उलटलेल्या पुस्तकांची यादी काढताना माझं कार्ड वगळणारी एक ओळ घालायचो, इतक्या सवयीने की ती ओळ आहे हेच विसरून गेलो होतो. यंत्राला ती कोणी सांगितलीच नव्हती!

"काका," बाईंचा आवाज थंड झाला, "दहाच्या वर पुस्तकं अडकवली तर कर्मचारी निलंबित. हा नियम तुम्हीच टाइप केलाय."

"अहो, मी नेलीच नाहीत ती!"

"पण वाचतात काय ते तरी बघू!" मागून एक निवृत्त मास्तर ओरडले. कोणीतरी लगेच यंत्राला विचारलंसुद्धा. शेळीपालन, एकतीस. बाळंतिणीची काळजी, एकोणीस. हॉलभर हशा! माझ्या कपाळावर घामाच्या धारा.

बायको ताडकन उठली. "हे घरी साधं विजेचं बिल वाचत नाहीत हो! सरका बाजूला." तिने स्वतः टाइप केलं: "यांनी खरंच नेलेली पुस्तकं कोणती?"

"त्याला कसं कळणार ते?" बाई म्हणाल्या.

पडद्यावर अक्षरं आली: "'खरंच' असा रकाना नोंदींत नाही. परंतु १,१४२ पुस्तकं दरवर्षी मोजणीच्या शेवटच्या दिवशी, ग्रंथालय बंद झाल्यावर, एकामागून एक चढवली आहेत. ती बहुधा हरवलेली असावीत. एकच पुस्तक वेगळं दिसतं. ते एकोणीस वर्षांपूर्वी मंगळवारी दुपारी काउंटरवरून दिलं आहे: 'संगणकाला प्रश्न कसा विचारावा', भाग पहिला."

माझ्या अंगावर काटा आला. बावीस वर्षांत जे मी कोणाला कळू दिलं नाही, ते याने नुसत्या तारखा बघून ओळखलं! नोकरी वाचल्याचा आनंदसुद्धा मला जरा उशिरानेच झाला.

"हरवलेल्यांचं सगळं लेखी द्या," बाई सुस्कारा टाकत म्हणाल्या. "आणि ते एक पुस्तक उद्या आणा."

"उद्या?" बायको म्हणाली. "ते पलंगाच्या पायाखाली आहे. काढलं की पलंग डुगडुगतो."

सध्या तिथे विटेचा तुकडा आहे. आणि मी यंत्राशी अहो-जाहो करूनच बोलतो.