डोळ्यांखालचं पुण्य

श्रावणातल्या सोमवारी सकाळी ठमाबाई तुळशीला पाणी घालून वळली, तेवढ्यात ओटीवरून सासूची हाक आली.

"ठमे, इकडं ये गो जरा. उजेडात ये."

ठमाबाई उजेडात आली. राहीबाईनं सुनेची हनुवटी धरून तोंड वर केलं. दोन्ही डोळ्यांखाली, पानसुपारीनं भरलेल्या चंच्या असाव्यात तशा, दोन पिशव्या लोंबत होत्या.

"रात्री रडलीस काय?"

"नाय हो आत्याबाई."

"मग महिपती काय बोलला तुला?"

"ते काय बोलतात? जेवले की घोरतात."

राहीबाईला मात्र घोर लागला. पाणवठ्यावर बायकांचे डोळे हंड्यापेक्षा दुसऱ्याच्या तोंडाकडे जास्त असतात. सुनेचे डोळे सुजलेले दिसले की सासूचं नाव निघायचंच. आणि तसंच झालं. दुपारपर्यंत वाडीत बोलणं फिरलं, की राहीबाई वरून गोड दिसते, पण आतून सुनेला छळते.

खरं कारण एकट्या ठमाबाईला ठाऊक होतं, आणि ते माळ्यावरच्या बरणीत होतं.

गेल्या चातुर्मासात शेजारच्या साळूबाईनं वांगं सोडलं होतं. केवढं कौतुक झालं तिचं! ठमाबाईच्या मनात तेव्हापासून कुठेतरी टोचत होतं. म्हणून यंदा आषाढी एकादशीला देवापुढे हात जोडून तिनं मीठच सोडलं. कार्तिकी एकादशीपर्यंत अळणी जेवण. वाडी थक्क झाली. साळूबाईनं तर तिच्या पायांना हात लावला आणि, "ठमे, तुझं बघून मी पण यंदा मीठ सोडते," म्हणाली.

थोडे दिवस व्रत नीट चाललं. मग एका दुपारी खारातल्या कैऱ्यांना बुरशी आली की काय म्हणून ठमाबाई माळ्यावर चढली. बरणीच्या तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा सोडला, फोडी वरखाली केल्या आणि बोटाला लागलेला खार सवयीनं चाटला. मीठ जिभेला लागलं तशी ती दचकली. पण तोंडातलं आता थुंकायचं तरी कुठे, माळ्यावर? तिनं गिळलं. मग एवीतेवी गिळलंच आहे म्हणून एक फोडही खाल्ली. दुसऱ्या दिवशी तिनं देवाला हळूच समजावलं, "मी मीठ सोडलंय देवा, कैरी कुठं सोडलीय?" देव काही बोलला नाही. तिसऱ्या दिवसापासून तिनं समजावणंही सोडलं. नुसतीच मान खाली घालून दिवा लावायची.

राहीबाईनं उपाय सुरू केले. पहाटे थंड दुधाचे बोळे. दुपारी परसातल्या वेलावरचं तवसं, ती जाडजूड काकडी, कापून त्याच्या चकत्या डोळ्यांवर.

"पडून ऱ्हा गप. हलू नको," असं सांगून राहीबाई गुरांकडे गेली, की ठमाबाई डोळ्यांवरच्या चकत्या काढून माळ्यावर जाई. तवसं, आणि तेही मिठाशिवाय, म्हणजे त्या तवशाचाच अपमान. ती चकती खारात बुडवी आणि डोळे मिटून खाई. दुसऱ्या दिवशी पिशव्या आणखी भरलेल्या दिसत.

"औषध लागूच पडत नाय गो," राहीबाई हळहळली.

शेवटी पाऊस जरा उघडला तेव्हा महिपतीनं दोघींना पोलादपूरला आणून एस.टी.त बसवलं आणि महाडला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी ठमाबाईची खालची पापणी ओढून पाहिली, पाय दाबून पाहिले.

"घाबरण्यासारखं नाही," ते म्हणाले. "रात्री उशी जरा उंच घ्या, झोप पुरी होऊ द्या, सकाळी गार पाण्याची घडी ठेवा. आणि मुख्य म्हणजे मीठ कमी करा. मीठ जास्त झालं की अंगात पाणी साठतं. डोळ्यांखालची कातडी पातळ, तिथं ते आधी दिसतं."

राहीबाई ताठ बसली. "मीठ? दाक्तरसायेब, आमच्या सुनेनं आषाढीपासून मिठाला हात लावला नाय. अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात अशी सून दावा मला!"

डॉक्टरांचा हसरा चेहरा उतरला.

"अजिबात मीठ नाही? नक्की?"

"तुळशीची आण घेऊन सांगते! सांग गो ठमे."

ठमाबाईनं पदर तोंडाला लावला. पायाखालची फरशी फाटली असती तर ती आनंदानं आत गेली असती. पण फरशी पक्की होती.

"मग मात्र गोष्ट वेगळी आहे," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "मीठ न खाता सूज येत असेल, तर मूत्रपिंडाची तपासणी करायला हवी. मुंबईला न्या. उशीर नको."

परतीच्या गाडीत राहीबाई डोळे पुसत होती आणि महिपती खिडकीबाहेर बघत होता. शेतातलं तण काढायची बेणणी तशीच टाकून मुंबई गाठायची होती. मधे बसलेल्या ठमाबाईच्या ओठांवर दहादा शब्द आले. पण सासूनं तुळशीची आण घेतली होती. आता खरं बोललं तर आपल्यापायी ती खोटी पडते, आणि न बोललं तर सगळं घर मुंबईला निघतं.

घरी येताच राहीबाईनं देवापुढे हळद-कुंकू वाहिलं. "माझी सून बरी होऊन येईस्तो मी पण मीठ सोडलं."

"मी पण," महिपती म्हणाला.

ठमाबाई चुलीपुढे रडली. त्या दिवशी मात्र ती खरोखर रडली, आणि माळ्यावर गेली नाही. पुढेही गेली नाही, पण रात्रीच्या जागरणानं पिशव्या काही उतरल्या नाहीत. घरातलं तिखटमिठाचं सामान राहीबाईनं स्वतः उचलून ठेवलं. तिघं अळणी आमटी खालच्या मानेनं ओरपू लागली.

मुंबईला निघायचा दिवस उजाडला. गाठोडी ओटीवर आली. ठमाबाईनं तुळशीपुढे डोकं टेकलं आणि ठरवलं, आता सांगायचं. पुरावा म्हणून बरणीच न्यायची. ती माळ्यावर चढली आणि थबकली.

दादऱ्याला बैलाच्या दाव्याची गाठ होती. ती तशी गाठ मारत नसे. घरातल्या कुठल्याच बाईला ती येत नव्हती.

तिनं ती कशीबशी सोडली. आत पाहिलं तर तळाला दोन फोडी आणि खार. तिच्या रोजच्या चोरीनं बरणी जेमतेम गळ्यापर्यंत उतरली होती. गाठ एकाची होती. पण एवढं खाणं एका तोंडाचं दिसत नव्हतं.

ती बरणी घेऊन ओटीवर आली. राहीबाई डोळ्यांवर गार पाण्याची घडी ठेवून भिंतीला टेकली होती.

"आत्याबाई, मी मीठ खाल्लंय. रोज. ह्यातलं."

घडी हलली नाही. गोठ्यातून येणारा महिपती दारात थांबला. त्याच्याही डोळ्यांखाली दोन चंच्या होत्या. बायकोच्या हातातली बरणी पाहून त्याला एकदम बैलांची वैरण आठवली आणि तो आल्या पावली परत गेला.

राहीबाईनं घडीखालूनच विचारलं, "दोन फोडी उरल्यात ना गो अजून?"

ठमाबाईनं बरणीत पुन्हा डोकावून पाहिलं. तेवढ्यात अंगणातून साळूबाई आली. प्रवासाला जाणाऱ्या ठमाबाईसाठी तिनं बिनमिठाच्या भाकऱ्या बांधून आणल्या होत्या. ती वाळली होती, पण डोळे स्वच्छ, धुतल्यासारखे.

"ठमे, एक इचारायचं होतं," ती ओशाळून म्हणाली. "रागावू नको. तुझं व्रत केवढं! पुण्य डोळ्यांखाली साठलंय, असं आता सगळ्या म्हणतात. मी पण मीठ सोडलंय, खडा देखील नाय खाल्ला. तरी माझे डोळे हे असे कोरडे. माझंच काय चुकत असंल गो?"

ठमाबाईनं बरणी खाली ठेवली आणि साळूबाईच्या पायांवर डोकं टेकलं.

"अगो! हे काय करतेस? ऊठ, ऊठ! मी कोण एवढी?" साळूबाई पाय मागे घेऊ लागली.

भिंतीकडून राहीबाईचा आवाज आला. घडी अजून डोळ्यांवरच होती.

"पडू दे गो तिला पाया. तिच्या मागून माझा नंबर हाय."